जवळच्यांनी विचारलेले प्रश्न : केनेडी प्रशासनाच्या मौखिक इतिहासाचं प्रकरण

२ मार्च १९६४. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन भागात, एन स्ट्रीटवरच्या एका घरात टेपरेकॉर्डर सुरू झाला. बोलणाऱ्या बाई चौतीस वर्षांच्या होत्या आणि नवऱ्याला जाऊन सव्वातीन महिने झाले होते. समोर बसलेले गृहस्थ इतिहासकार होते, व्हाइट हाउसमधले सल्लागार होते आणि घरोब्याचे स्नेहीही होते. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींच्या पत्नी जॅकलिन केनेडी आणि आर्थर श्लेसिंजर. ३ जूनपर्यंत असे दोघे सात वेळा बसले. साडेआठ तासांच्या आसपास ध्वनिमुद्रण झालं.

टेप ऐकताना शब्दांआधी इतर आवाज कानात शिरतात. ग्लासात बर्फ वाजतो, सिगारेटसाठी काडी ओढली जाते, रस्त्यावरचं काहीबाही ऐकू येतं. मधेच तीन वर्षांचा मुलगा खोलीत येतो. श्लेसिंजर त्याला विचारतात, बाबा कुठे गेले? तो सांगतो, स्वर्गात. आठवतात का तुला? हो. काय आठवतं? काहीच आठवत नाही, असं तो म्हणतो आणि बोलणं पुढे सरकतं.

ही फीत त्यानंतर ४७ वर्षं कुलपात होती.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कारकिर्दीचा इतिहास माणसांच्या तोंडून टिपण्याची पद्धत आज तिकडे रुळलेली आहे. पण केनेडींच्या वेळी ती जशी उभी राहिली, त्यात या साऱ्या उद्योगाची ताकद आणि खोट एकाच ठिकाणी सापडते. हे काम वेळेवर झालं ते जवळच्यांनी हातात घेतलं म्हणून, आणि त्यात खड्डे राहिले तेही जवळच्यांनी हातात घेतलं म्हणून. दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत, असं माझं मत आहे. ते का, हे प्रकरण उलगडलं की दिसतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मौखिक इतिहास ही कल्पना १९६४ मध्ये नवी नव्हती. कोलंबिया विद्यापीठात अॅलन नेव्हिन्स यांनी १९४८ मध्येच असं कार्यालय उघडलं होतं. त्यांचं म्हणणं साधं होतं : मोठी माणसं आता पत्रं लिहीत नाहीत, फोन उचलतात, आणि फोनवरचं बोलणं हवेत विरतं. मग ते कुणीतरी विचारून घ्यायला नको का? माजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांची कागदपत्रं जपणाऱ्या ग्रंथालयानेही १९६१ मध्ये त्यांच्या सहकाऱ्यांच्या मुलाखती सुरू केल्या होत्या. पण ट्रूमन तेव्हा हयात होते, आठवणी लिहून मोकळे झाले होते, आणि मुलाखती त्यांच्या लिखाणाला पुरवणी म्हणून होत होत्या.

केनेडींची गोष्ट निराळी. २० जानेवारी १९६१ ते २२ नोव्हेंबर १९६३, म्हणजे हजारावर थोडे दिवस. निवृत्तीनंतर आपल्या कारकिर्दीवर लिहायचं असं त्यांच्या मनात होतं. ग्रंथालयाची बोलणीही चालू होती. डॅलसमध्ये त्यांची हत्या झाली आणि ते सगळं थांबलं. जो माणूस स्वतः सांगणार होता तोच गेला, तेव्हा त्याच्या भोवतालच्या शेकडो माणसांना विचारून त्याची जागा भरायची, असा हा घाट होता. पुरवणी नव्हे, मूळ ग्रंथाच्या जागी.

घाई होती, आणि ती रास्त होती. मंडळी पांगत होती. त्यांच्या जागी राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन्सन यांच्या कारभारात काही टिकले, काही निघाले. स्मरण ताजं होतं. पण घाईत विचारणारे कुठून आणणार? म्हणून पहिल्या फळीत मित्र, पत्रकार, जुने सहकारी असेच लोक पुढे आले. कुणी ओळखीच्या सिनेटरकडे गेला, कुणी जुन्या राजदूताकडे. राष्ट्रीय अभिलेखागाराचे प्रशिक्षित कर्मचारी नंतर आले आणि त्यांनी काम शिस्तीत लावलं. हजाराहून अधिक मुलाखती जमल्या. १९७९ मध्ये बॉस्टनच्या कोलंबिया पॉइंटवर, पाण्याच्या कडेला, आय. एम. पेई यांनी आखलेली ग्रंथालयाची इमारत उघडली आणि संग्रहाला कायमचं घर मिळालं.

कामाची रीत सांगतो, कारण पुढचे सगळे तंटे तिच्यातूनच उगवतात. मुलाखत टेपवर घ्यायची. तिचं शब्दांकन टंकून बोलणाऱ्याकडे पाठवायचं. त्याने दुरुस्त्या करायच्या. मग दानपत्रावर सही : ही मुलाखत मी सरकारला देतो, पण अमुक वर्षांनी उघडा, अमुक पानं माझ्या हयातीत नकोत, अमक्याला परवानगीशिवाय दाखवू नका. किल्ली बोलणाऱ्याच्या हाती. त्या काळी खरा दस्तऐवज म्हणजे टंकलेला मजकूर, असंच धरलं जाई. कोलंबियात तर सुरुवातीला शब्दांकन झालं की फिती पुसून पुन्हा वापरत. आवाजाला किंमत असते हे लोकांना उशिरा कळलं. जॅकलिन यांच्या टेपमधला बर्फाचा आवाज कुठल्याही टंकलेखकाने टिपला नसता.

आता या रीतीने काय मिळालं त्याचं सर्वांत भक्कम उदाहरण घेऊ. ते जॅकलिन यांचं नाही, रॉबर्ट केनेडींचं आहे.

रॉबर्ट हे राष्ट्राध्यक्षांचे भाऊ, अॅटर्नी जनरल आणि खऱ्या अर्थाने उजवा हात. त्यांच्या मुलाखती १९६४ मध्ये सुरू झाल्या आणि तुकड्यातुकड्याने १९६७ पर्यंत चालल्या. विचारणारे बदलत गेले : श्लेसिंजर, पत्रकार अँथनी लुइस, आणि केनेडींच्या काळात राजदूत राहिलेले लेखक जॉन बार्टलो मार्टिन. ३० एप्रिल १९६४ च्या बैठकीत मार्टिन व्हिएतनामवर आले. तिथे राहायलाच हवं असं राष्ट्राध्यक्षांना वाटत होतं का? हो, ठाम वाटत होतं, असं रॉबर्ट म्हणाले. माघारीचा विचार कधी झाला होता का? उत्तर एका शब्दाचं : नाही. आणि दक्षिण व्हिएतनाम हरण्याच्या बेताला आलं असतं तर? तेव्हाचं तेव्हा पाहिलं असतं.

तारीख पुन्हा बघा. एप्रिल १९६४. अजून अमेरिकेच्या लढाऊ तुकड्या मोठ्या संख्येने उतरायच्या होत्या, युद्ध अजून बदनाम व्हायचं होतं. पुढे तीन-चार वर्षांत चित्र पालटलं. रॉबर्ट स्वतः युद्धाचे कडवे टीकाकार झाले आणि १९६८ मध्ये त्याच भूमिकेवर निवडणुकीत उतरले. १९७० मध्ये केनेडींचे जुने सहकारी केनेथ ओडॉनेल यांनी ‘लाइफ’ साप्ताहिकात लिहिलं की १९६४ ची निवडणूक जिंकल्यावर सैन्य काढून घ्यायचं, असं राष्ट्राध्यक्षांनी ठरवलं होतं. केनेडी जगले असते तर काय झालं असतं, हा वाद आजही संपलेला नाही आणि या एका मुलाखतीने तो संपणारही नाही. रॉबर्टना तेव्हा भावाच्या धोरणाशी निष्ठा दाखवायची होती, जॉन्सन यांना कोलीत द्यायचं नव्हतं, असंही म्हणता येतं. पण १९६८ मध्ये हाच प्रश्न विचारला असता तर हे उत्तर मिळालं नसतं, एवढं मी पैजेवर सांगेन. पुढच्या घटनांचं पाणी चढण्याआधी स्मरणाची पातळी कुठे होती, याची खूण त्या टेपवर आहे. मौखिक इतिहास लवकर का करावा, याला याहून मोठं कारण मला माहीत नाही.

याउलट उदाहरण त्याच घरातलं. हत्येनंतर आठवड्याभरात, २९ नोव्हेंबर १९६३ च्या रात्री, जॅकलिन यांनी पत्रकार थिओडोर व्हाइट यांना हायानिस पोर्टच्या घरी बोलावून घेतलं. ‘लाइफ’चा अंक छापायचा थांबला होता. त्या रात्री त्यांनी राजा आर्थरच्या दंतकथेतल्या राज्यावर बेतलेल्या ‘कॅमलॉट’ या संगीत नाटकातल्या गाण्याची आठवण सांगितली, नवऱ्याला झोपण्यापूर्वी ती तबकडी ऐकायला आवडे म्हणाल्या, व्हाइट यांच्या मजकुरावर स्वतः पेन्सिल चालवली आणि ती उपमा अंकात राहील याची काळजी घेतली. तेव्हापासून केनेडींच्या कारकिर्दीला ते नाव चिकटलं ते चिकटलंच. व्हाइट यांनी पुढे आपल्या आठवणींत कबूल केलं की तसं जादूचं राज्य कधी नव्हतंच. एका दुखावलेल्या बाईने, एका स्नेह्याच्या हातून, एका रात्रीत अख्ख्या प्रशासनाचं बारसं केलं. हीदेखील मुलाखतच होती, आणि तीही वेळेवर झाली होती!

म्हणजे ताजेपणा पुरेसा नाही. विचारणारा कोण, हे पाहावं लागतं.

श्लेसिंजर यांना मी हलकं लेखत नाही. जुने राष्ट्राध्यक्ष जॅक्सन यांच्या काळावरच्या ग्रंथासाठी पुलित्झर मिळवलेला माणूस; काय विचारायचं हे त्यांना नेमकं ठाऊक होतं. पण त्याच महिन्यांत ते केनेडींच्या कारकिर्दीवर स्वतःचं जाडजूड पुस्तक लिहीत होते, जे १९६५ मध्ये आलं. साक्षीदाराची जबानी घेणारा स्वतःही साक्षीदार, शिवाय त्याच खटल्यावर ग्रंथ लिहिणारा. टेपवर ते अनेकदा प्रश्नाऐवजी आपलीच आठवण पुढे करतात आणि जॅकलिन तिला दुजोरा देतात. कुठे अडवणूक नाही, उलटतपासणी नाही. हत्येचा दिवस या बैठकांमध्ये घ्यायचाच नाही असं ठरलं होतं, कारण त्याबद्दल त्या हत्येवर पुस्तक लिहिणाऱ्या विल्यम मँचेस्टर यांच्याशी वेगळं बोलणार होत्या. ते ठीक. पण संसारातली दुखणी, राष्ट्राध्यक्षांची बाहेरची प्रकरणं, यांचा तर उल्लेखच संभवत नव्हता. वैधव्याच्या चौथ्या महिन्यात समोर बसलेल्या मैत्रिणीला असला प्रश्न कोण विचारणार? मीही विचारला नसता.

मला स्वतःला याचा छोटासा अनुभव आहे. ७२ च्या दुष्काळात रोजगार हमीच्या कामावर मुकादम असलेल्या माझ्या काकांना एकदा मोबाइल समोर ठेवून बोलतं केलं. एरवी ओसरीवर शिव्यांसकट रंगून सांगणारा हा माणूस रेकॉर्डिंग सुरू होताच वर्तमानपत्री मराठीत शिरला. “तदनंतर शासनाने कामे सुरू केली,” असं. हजेरीपटावरच्या खोट्या नावांचा किस्सा मला दहा वेळा ऐकून पाठ होता. तो त्यांनी सांगितला नाही आणि मीही काढला नाही. काका होते ना. रेकॉर्डिंग बंद केल्यावर पाच मिनिटांत तो किस्सा आला.

तर जॅकलिन यांच्या टेपमध्ये उरलं काय? पुष्कळ उरलं, पण वेगळ्या जातीचं. सोव्हिएत क्षेपणास्त्रांवरून उद्भवलेल्या क्यूबाच्या संकटात, ऑक्टोबर १९६२ मध्ये, अधिकाऱ्यांच्या बायकामुलांना वॉशिंग्टनबाहेर हलवण्याची भाषा चालली होती. तेव्हा आपण नवऱ्याला सांगितलं की मला कुठेही पाठवू नका, काय व्हायचं ते इथेच, तुमच्याबरोबर होऊ दे, हे त्या सांगतात. जॉन्सन राष्ट्राध्यक्ष झाले तर देशाचं काय होईल, ही नवऱ्याची धास्ती सांगतात, तीही जॉन्सन राष्ट्राध्यक्ष असताना. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांना अहंमन्य ठरवतात. मार्टिन ल्यूथर किंग यांच्याबद्दल जे बोलतात ते वाचवत नाही; आणि त्याचं मूळ एफबीआयच्या चोरून ऐकलेल्या संभाषणांत होतं, जे तिथले प्रमुख हूवर यांनी वरपर्यंत पोचवलं होतं. म्हणजे ही मतं जितकी त्यांची, तितकीच त्या घराच्या हवेतली. त्या स्वतःच म्हणतात की माझी सगळी मतं नवऱ्याकडून येतात. इतिहासकाराला हे वाक्य सोन्यासारखं आहे. बाईंचं मत म्हणून ज्याची किंमत शून्य, तेच राष्ट्राध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर काय बोललं जाई याचा पुरावा म्हणून मोलाचं ठरतं.

आपल्याकडे २०११ मध्ये या टेप बाहेर आल्या तेव्हा मथळे झाले ते इंदिरा गांधींवरच्या शेऱ्यांचे. नोव्हेंबर १९६१ मध्ये नेहरू अमेरिकेला गेले, सोबत इंदिराबाई होत्या. त्या भेटीत एका जेवणाला पुरुष एका खोलीत आणि बायका दुसऱ्या खोलीत, अशी व्यवस्था जॅकलिन यांनी केली. इंदिराबाईंना ते मुळीच रुचलं नाही. त्यांना पुरुषांच्या खोलीत बसायचं होतं. त्यावरून जॅकलिन त्यांना कडवट, घुसखोर म्हणतात, सदा लिंबू चोखल्यासारखा चेहरा म्हणतात. मथळे देणाऱ्यांना हे चमचमीत वाटलं. मला उलटंच दिसतं. राजकारण चाललेल्या खोलीच्या दाराबाहेर बसवलेल्या बाईची अस्वस्थता त्या टेपवर उमटली आहे; फक्त सांगणारीला ती उमगलेली नाही. पाच वर्षांच्या आत इंदिराबाई पंतप्रधान झाल्या.

या बैठका चालू असतानाच, २७ मे १९६४ ला, नेहरू गेले. आपले संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण त्या वेळी लष्करी मदतीच्या बोलण्यांसाठी अमेरिकेतच होते. दौरा अर्धा टाकून ते परतले. १९६२ च्या मार्चमध्ये जॅकलिन भारतात आल्या तेव्हा दिल्लीत ज्या तीन मूर्ती भवनात नेहरूंच्या पाहुण्या होत्या, तिथेच पुढे स्मारक संग्रहालय आणि ग्रंथालय झालं आणि स्वातंत्र्यलढ्यातल्या माणसांच्या शेकडो मुलाखती त्याच संस्थेने जमवल्या. आपल्याकडे हे काम झालंच नाही असं म्हणणाऱ्यांनी तिथली यादी एकदा चाळावी.

पुन्हा बॉस्टनकडे. या मुलाखती किती खऱ्या, हे ताडून पाहायला नशिबाने दुसरा एक साठा होता, आणि त्याची खबर मुलाखती देणाऱ्या बहुतेकांना नव्हती. जुलै १९६२ पासून केनेडींनी ओव्हल ऑफिसात आणि मंत्रिमंडळाच्या खोलीत छुपे मायक्रोफोन बसवून घेतले होते. सीक्रेट सर्व्हिसच्या रॉबर्ट बक यांनी ते बसवले. रॉबर्ट केनेडी आणि सेक्रेटरी एव्हलिन लिंकन अशा मोजक्यांनाच ते ठाऊक होतं. बैठकांच्या सुमारे २४८ तासांच्या फिती निघाल्या. १९७३ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या अशाच छुप्या टेपचं बिंग फुटलं, तेव्हा कुठे केनेडी ग्रंथालयाने आपल्याकडेही असं काही आहे हे जाहीर केलं.

यातून जे बाहेर आलं त्याने जवळच्यांची कथा चांगलीच हलली. रॉबर्ट यांच्या मृत्यूनंतर, १९६९ मध्ये, क्यूबा संकटावरचं त्यांचं पुस्तक निघालं. त्याचं संपादन केनेडींचे भाषणलेखक थिओडोर सोरेन्सन यांनी केलं होतं. तुर्कस्तानातली अमेरिकी क्षेपणास्त्रं काढून घेण्याचा सौदा झाला नाही, असाच वाचकाचा समज त्यातून होतो. १९८९ च्या जानेवारीत मॉस्कोतल्या परिषदेत सोरेन्सन यांनी सांगून टाकलं : रॉबर्टच्या डायरीत तो सौदा स्पष्ट होता, मीच तो संपादनात काढला. आणि २७ ऑक्टोबर १९६२ च्या टेपवर खुद्द राष्ट्राध्यक्ष त्या अदलाबदलीचा मुद्दा पुनःपुन्हा मांडताना ऐकू येतात. सोरेन्सन लबाड नव्हते. तो सौदा तेव्हा गुपित होता आणि ते निष्ठावंत होते. पण निष्ठावंत माणसाच्या हाती कात्री दिली की असंच व्हायचं.

केनेडींच्या प्रकृतीचंही तेच. अॅडिसनचा विकार, म्हणजे शरीरातल्या ग्रंथींचा एक गंभीर आजार, १९६० च्या प्रचारात नाकारला गेला, आणि मित्रमंडळी पुढेही त्यावर पांघरूण घालत राहिली. औषधोपचाराची कागदपत्रं अभ्यासकाच्या हाती पडली ती २००२ मध्ये, रॉबर्ट डॅलेक यांच्या. चाळीस वर्षं!

आणि कधी अडचण निष्ठेची नसते, कच्च्या विचारणाऱ्याची असते. राष्ट्राध्यक्षांचे डॉक्टर, अॅडमिरल जॉर्ज बर्कली यांची मुलाखत १९६७ मध्ये झाली. त्यांना विचारलं गेलं की शरीरात किती गोळ्या शिरल्या याबद्दल हत्येची चौकशी करणाऱ्या वॉरन आयोगाचं म्हणणं तुम्हाला मान्य आहे का. त्यावर माझ्या नावावर काही छापलं जावं असं मला वाटत नाही, अशा अर्थाचं उत्तर त्यांनी दिलं. आणि विचारणारा पुढच्या प्रश्नाकडे गेला! त्या एका न विचारलेल्या उपप्रश्नावर संशयवाद्यांनी किती इमले बांधले त्याला गणती नाही. बर्कलींच्या मनात कदाचित फार काही नसेलही. पण हे तेव्हाच, तिथेच कळायला हवं होतं.

हा धडा पुढच्यांनी घेतला. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या मिलर सेंटरमध्ये जेम्स स्टर्लिंग यंग यांनी १९८१ मध्ये कार्टर प्रशासनाच्या मुलाखती सुरू केल्या तेव्हा विचारायला एकटा स्नेही नव्हता. दोन-चार अभ्यासक एकत्र बसत, आधी कागदपत्रं आणि घटनाक्रम वाचून येत, आणि बैठक दिवस दिवस चाले. १९८२ च्या नोव्हेंबरमध्ये ते सगळे खुद्द कार्टर यांच्याकडे, त्यांच्या प्लेन्स या गावी गेले. दानपत्राची आणि गुप्ततेची रीत मात्र तीच राहिली, कारण तिच्याशिवाय कुणी तोंडच उघडत नाही. पण त्या जाड शब्दांकनांत बर्फाचा आवाज नाही, आणि मधेच खोलीत येणारं मूलही नाही. मिलर सेंटरची पद्धत १९६४ च्या मार्चमध्ये जॉर्जटाऊनला नेली असती तर जॅकलिन यांनी दार उघडलं असतं का? मला नाही वाटत.

किल्लीचा हिशेब राहिला. जॅकलिन १९ मे १९९४ रोजी गेल्या. व्हाइट यांनी ग्रंथालयाला दिलेली त्या रात्रीची टिपणं त्यानंतर वर्षभरात उघडली. श्लेसिंजर यांच्या टेप मुलीने, कॅरोलाइन यांनी, २०११ मध्ये खुल्या केल्या. आईची काही मतं ऐकून खटकतात हे दिसत असूनही त्यांनी त्यातलं काही कापलं नाही, हे त्यांच्या पदरात टाकायला हवं.

तिसरा साठा अजून बंद आहे. १९६४ मध्येच मँचेस्टर यांनी हत्येवरच्या पुस्तकासाठी जॅकलिन यांच्याशी सुमारे दहा तास बोलून घेतलं होतं. सांगितलं ते सगळंच छापलं जाणार, हे लक्षात आल्यावर १९६६ च्या डिसेंबरमध्ये त्या कोर्टात गेल्या. जानेवारी १९६७ मध्ये तडजोड झाली : काही मजकूर गाळायचा, आणि फिती शंभर वर्षं कुणाला ऐकवायच्या नाहीत. हत्येच्या दिवसाबद्दल जे श्लेसिंजर यांनी विचारायचं टाळलं ते त्या फितींवर आहे. बॉस्टनच्या त्याच इमारतीत त्या २०६७ पर्यंत राहतील.